आधी जेवण, मग नाव

ग्रीक महाकाव्यांतल्या वीरांचं आणि माझं वैर आहे. त्यांना त्याची कल्पना नसेल, पण मी ते पंधरा वर्षं इमानेइतबारे जोपासलंय. माझी एकुलती एक मुलगी त्यांनी पळवली.

शाळेत तिने लॅटिन घेतलं तेव्हा मला वाटलं, बरंय, पुढे डॉक्टरकीला उपयोगी पडेल. कॉलेजात ती लॅटिनवरून ग्रीकवर गेली आणि डॉक्टरकी राहिली बाजूला. आता ती व्हर्जिनियातल्या एका हायस्कूलमध्ये मुलांना हजारो वर्षांपूर्वीच्या मारामाऱ्या शिकवते. आमच्या गावात, वेस्ट विंडसरमध्ये, ओळखीच्या घरांतून इंजिनिअर निघाले, डॉक्टर निघाले. आमच्या घरातून निघालं महाकाव्य.

शत्रूची माहिती असावी म्हणून मी ती काव्यं भाषांतरातून वाचली. काय एकेक नग! सगळ्यांत शूर योद्धा कोण, तर अपमान झाला म्हणून रुसून बसणारा. बाहेर त्याची माणसं पटापट मरतायत आणि हा आईला हाका मारत रडतोय. दुसऱ्याला लढाईवरून घरी पोचायला दहा वर्षं लागतात आणि त्यातली बरीचशी तो दुसऱ्या बायकांकडे काढतो. जिथे जातील तिथे आयतं जेवतात आणि निघताना यजमानाकडून भेट म्हणून काय घेतात, तर हंडे आणि पातेली.

"एवढे मोठे वीर आणि भंगारवाल्यासारखी भांडी गोळा करतात," मी म्हणायची.

मुलगी भडकायची. "आई, इट्स सेक्रेड! पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, दॅट्स द रूल."

"मग माझे डबे कुठे जातात?"

हे आमचं नेहमीचं भांडण. दर भेटीत मी तिला लाडू, चिवडा, पुरणपोळ्या बांधून द्यायची आणि माझे स्टीलचे डबे व्हर्जिनियात गडप व्हायचे. मी ओरडायची, ती हसायची. डबे काही परत यायचे नाहीत.

गेल्या वर्षी तिचा फोन आला. तिच्या जवळच हर्नडनमध्ये आयटीत काम करणारा एक नागपूरचा मुलगा होता, त्याला ती घरी आणणार होती. "एक प्रॉमिस कर, आई. त्याचं जेवण होईपर्यंत काही विचारायचं नाही. माझ्या एपिक्समध्ये दारात स्ट्रेंजर आला ना, की आधी हात धुवायला पाणी, मग जेवण, आणि देन यू आस्क हिज नेम."

मी फणकारले. "पाहुणचार आता ग्रीकांनी शिकवायचा का मला? माझी आई गॅस सिलिंडर आणणाऱ्यालासुद्धा आधी गूळ-पाणी द्यायची."

"ग्रेट," ती म्हणाली. "देन डू दॅट."

मी तेवढंही केलं नाही.

चार तास ड्राइव्ह करून दोघं आली. मुलगा वाकून पाया पडला. "काकू, तुमच्या मसालेभाताबद्दल खूप ऐकलंय," म्हणाला. ताटं वाढलेली होती. तो बसला, त्याने भातावर तूप घेतलं, आणि मी विचारलं, "एच-वन व्हिसावर आहेस का रे?"

"हो काकू. म्हणजे, मागच्या आठवड्यात ले-ऑफ झाला. साठ दिवसांत दुसरा जॉब मिळाला नाही तर परत जावं लागेल. शोधतोय."

"आणि ही इथली सिटिझन," मी म्हणाले.

तिथेच थांबले असते तरी सगळ्यांना कळलं असतं. पण माझी जीभ कधी थांबलीय? "लग्न केलं की कागदपत्रांचं सगळंच सोपं होतं, नाही का?"

माझ्या नवऱ्याने मान खाली घातली. मुलगी उठली आणि दाराशी जाऊन बूट घालू लागली. तो मुलगा उठला, पण उठताना न जेवलेल्या ताटाला हात लावून त्याने नमस्कार केला. त्याचा मला जास्तच राग आला. इतकं शहाणं कोणी असतं का?

त्यानंतर दहा महिने तिचा फोन नाही. कोर्टात लग्न केल्याचा फोटो आला तोही तिच्या बाबांच्या व्हॉट्सॲपवर. खाली लिहिलं होतं की त्याला नवी नोकरी लग्नाआधीच लागली होती. ती ओळ बाबांसाठी नव्हती, माझ्यासाठी होती.

मग एका शनिवारी मी न कळवता निघाले. मला माफी मागायची होती. जन्मात कधी कोणाची मागितली नव्हती, म्हणून रस्ताभर मोठ्याने तालीम केली. शेजारच्या सीटवर मसालेभाताचा डबा होता.

दार त्याने उघडलं. "या काकू," म्हणाला आणि हातातला डबा घेतला. हात धुवायला कोमट पाणी आलं, नवाकोरा टॉवेल आला. बशीत गुळाचा खडा आणि पेलाभर पाणी आलं. मुलगी स्वयंपाकघरातून म्हणाली, "हाय, आई." एरवी ती दारातच सुरू व्हायची: एवढं लांब एकटी ड्राइव्ह का केलंस, फोन का नाही केलास. आज काही नाही. गरम पोळ्या, वरण, बटाट्याची भाजी. मसालेभात त्याने स्वतः वाढून घेतला आणि संपवला. मुलगी मला विचारत होती, आणखी एक पोळी? थोडं तूप? त्या मेल्या ग्रीकांच्या नियमातलं एक पाऊल ती चुकली नाही.

माझं ताट रिकामं झालं तेव्हा ती समोर येऊन बसली. "सो," तिने शांतपणे विचारलं, "व्हॉट ब्रिंग्ज यू हिअर?"

अगं भांड ना माझ्याशी, असं मला ओरडावंसं वाटलं. घालून पाडून बोल, बाहेर काढ मला, पण अशी नीट वागू नकोस. चार तासांची तालीम फुकट गेली.

"सहज आले," मी म्हणाले. "इकडे काम होतं जरा."

"ओके," ती म्हणाली.

निघताना तो एक जड पिशवी घेऊन गाडीपर्यंत आला. "तिने दिलंय. सावकाश जा काकू."

मेरीलँडमधल्या एका रेस्ट एरियात मी गाडी थांबवली आणि पिशवी उघडली. आत माझे डबे होते. तिच्या कॉलेजपासूनचे सगळे. माझ्या आईचं नाव कोरलेला छोटा डबाही होता, जो हरवला म्हणून मी तिला दोन वर्षं बोलत होते. तिच्या घरात आता माझं काही राहिलं नव्हतं. मी एकेक झाकण उघडलं. लाडू, चिवडा, शंकरपाळे. सकाळी मसालेभात नेलेला डबासुद्धा घासूनपुसून गुळाने भरला होता. एकही रिकामा नव्हता.