अक्काच्या मंडपाची चारशे फूट झालर

हसणार असाल तर चहा आधी संपवा, नाहीतर ठसका लागेल! पंचवीस वर्षं चाळीसगावच्या शाळेत गणित शिकवणारा मी, भाचीच्या लग्नात असा काही आपटलो की विचारू नका!

माझी मोठी बहीण, अक्का, पिंपळनेरला असते. हळदीच्या मंडपाला कडेनं लावायला तिनं गल्लीतल्या बायका जमवून पिवळी झालर शिवली. मंडप वीस बाय तीस फुटांचा, झालर शंभर फूट. एकदम चोख! आणि हळदीला दोन दिवस राहिलेले असताना भुसावळहून व्याह्यांचा फोन: पाहुणे वाढले. मंडपवाला म्हणाला, "चाळीस बाय साठ करू."

झालं! माझ्या पायाला भिंगरी. अंगणात येरझारा घालत मी ओरडलो, "अक्का, मंडप चौपट झाला! झालर चारशे फूट पाहिजे. अजून तीनशे शिवा!"

अक्कानं मशीन थांबवलं. "भाऊ, बाजू त दुप्पट व्हयन्यात. मंग झालर दुप्पटच ना?"

"गणित कोण शिकवतं, तू की मी?"

"तू मास्तर शे रे बा. माले काय समजस!"

मग काय, दोन दिवस मशिनांची नुसती खडखड! कापड संपलं, मी साक्रीला पळालो. दोरा संपला, पुन्हा पळालो. त्यात दर तासाला बायकांच्या डोक्यावर उभा: "किती झाली? किती राहिली?" शेजारच्या काकूंनी तर एका हातात भाकरी धरून शिवलं हो!

हळदीच्या दिवशी झालर लावायला घेतली. पाहुण्यांच्या गाड्या साक्रीपर्यंत आलेल्या. एक बाजू झाली, दुसरी, तिसरी, चौथी... आणि खाली निम्मा ढीग तसाच!

"एखादी बाजू राहिली असेल," म्हणत मी मंडपाला तीन चकरा मारल्या. पाचवी बाजू कुठून आणू?

शेवटी बोटांवर बेरीज केली. चाळीस, साठ, चाळीस, साठ... दोनशे! अरे देवा, चौपट झाली होती ती जागा, कड नव्हे!

"हाई काय शे रे भाऊ?" अक्का कमरेवर हात ठेवून उभी. मागे सगळ्या बायका, बोटांना चिंध्या बांधलेल्या.

अक्कानंच उरलेली झालर पहिलीच्या खाली दुसऱ्या पदरासारखी लावून घेतली. पाहुणे आले आणि बघतच राहिले. "दुहेरी झालर! कल्पना कोणाची?"

सगळ्यांची बोटं माझ्याकडे. मी जरा छाती फुगवतोय, तेवढ्यात मंडपवाला शिडीवरून उतरला.

"सर, ओळखलं नाही? चाळीसगावला सातवीत तुमच्याच वर्गात होतो. बाजू दुप्पट तर कड चौपट, परीक्षेत मी अगदी हेच उत्तर लिहिलं होतं. तुम्ही भोपळा दिला होता!"