जुवाखाली न गेलेला बैल

सिंदी रेल्वे या गावचा वायरमन धनंजय झाडे रोज पंचवीस मिनिटं कलावंत असे. पहाटे साडेपाचपासून सहाला पाच कमी असेपर्यंत. त्यानंतर तो गावाचा. कोणाच्या घरचा पंखा हळू फिरला, कोणाच्या विहिरीवरची मोटर जळाली, गुन्हेगार तोच. "झाडेभाऊ, लाइन कवा येते?" या एका वाक्यापलीकडे गावाला बावीस वर्षांत त्याची ओळख करून घ्यावीशी वाटली नव्हती.

मागच्या अंगणात, टिनाच्या छपराखाली, तो तीन वर्षांपासून शिवणीच्या लाकडाचा एक बैल कोरत होता. तान्ह्या पोळ्यासाठी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरंसोरं लाकडी बैल ओढत देवळापुढं जमतात आणि मंडळ बक्षिसं वाटतं. त्याच्या वॉर्डातल्या मंडळाला बैल कळत नाही, उंची कळते. मागच्या वर्षी पहिला आलेला बैल दारातून बाहेर निघेना म्हणून चौकट काढावी लागली होती. तोंड गाढवाचं, अंगभर लाइटिंग. त्या लाइटिंगचं कनेक्शन धनंजयनंच जोडून दिलं आणि टाळ्याही वाजवल्या.

त्याचा स्वतःचा बैल हातभर लांबीचा. आणि उठत असलेला. बैल उठतो तो मागून उठतो. आधी मागचे पाय सरळ होतात, पुढचे गुडघे क्षणभर मातीतच असतात. तो क्षण त्याला लाकडात हवा होता. आणि तो एका माणसानं ओळखायला हवा होता: त्याच्या बापानं. नत्थूजींनी चाळीस वर्षं बैलांची शेती केली, नऊ वर्षांपूर्वी शेवटची जोडी विकली, तेव्हापासून ते पडवीतल्या खाटेवर पडून ट्रॅक्टरला शिव्या देत. मुलाला नोकरी लागली तेव्हा त्यांनी केलेलं एकमेव कौतुक असं, "बरं हाय. खांबावर तरी चढते." अशा माणसाच्या तोंडून एक चांगला शब्द निघावा, एवढ्यासाठी तीन वर्षं.

रोज थोडं थोडं करा, हे त्यानं मोबाईलवर कुठल्यातरी सुटाबुटातल्या वक्त्याकडून ऐकलं होतं. तो कॅलेंडरवर रोज फुली मारी. एक दिवस चुकला नाही. आईच्या तेरवीच्या पहाटेसुद्धा पटाशीचे चार घाव घातले आणि मगच पाहुण्यांच्या चहाला लागला. असली निष्ठा पाहून लोकांचे डोळे भरून येतात. कोणी विचारत नाही की निष्ठा पाहत कुठं होती. धनंजयची मोबाईलमध्ये पाहत होती. प्रदर्शनातले तेल लावलेले, फोटोसाठी पोसलेले बैल बोटांनी मोठे करकरून तो मान कोरत होता. कलावंतानं अर्धं काम दाखवू नये, हेही तिथंच शिकला. म्हणून पंचवीस मिनिटं संपली की बैल पोत्याखाली.

"अजी, तीन वर्सांत वासराचा बैल होते," त्याची बायको मंजुषा म्हणे, "तुमचा अजून उठूनच राह्यला."

यंदा पोळ्याच्या दोन दिवस आधी बैल पूर्ण झाला. अंगावर पटाशीच्या बारीक खुणा त्यानं मुद्दाम ठेवल्या होत्या, केसांसारख्या. पोळ्याच्या सकाळी तार तुटली आणि तो दिवसभर खांबावर अडकला. चार वाजता घरी आला तर बैल पांढराशुभ्र. न्हाणीघराच्या दाराचा उरलेला ऑइल पेंट. शिंगं लाल, पाठीवर चमकीची झूल. नत्थूजी घासलेटात ब्रश धूत होते.

"बाबा, हे काय केलं?"

"रंगवला."

"काऊन? मी म्हणलो होतो का?"

"पोळ्यात बैल नागवा जाते का?" म्हातारा म्हणाला आणि ब्रश धूत राहिला.

दुसऱ्या दिवशी धनंजयच्या मुलीनं, अंकितानं, तो बैल चाकांच्या फळीवर ठेवून ओढत नेला. परीक्षक होते निवृत्त मुख्याध्यापक प्रभाकरराव. आयुष्यभर मुलांना बैलावर दहा ओळी लिहायला लावलेला माणूस. ते वाकले, चष्मा सरकवला. "याले काय झालं बाप्पा? पाय मुरगळला का?" मंडळ हसलं. एक जण म्हणाला, "वायरमनचा बैल हाय सर, लाइन गेल्याबिगर उठत नाई." मंडळ पुन्हा हसलं. मग उत्कृष्ट सजावटीचं उत्तेजनार्थ बक्षीस, एक स्टीलचा डबा, आणि प्रभाकररावांचं भाषण: धावपळीच्या जीवनातही छंद जोपासावा, झाडेंचा आदर्श घ्यावा. ज्याच्यामुळं हा आदर्श, त्या बैलाला त्यांनी बोटही लावलं नव्हतं.

घरी येऊन धनंजयनं डबा खाटेवर आपटला. "घ्या. तुमच्या रंगाले भेटलं. माह्या बैलाले कोणी पाह्यलंच नाई."

"बरं झालं नाई पाह्यलं."

"मनजे?"

नत्थूजी उठून बसले. "उठून राह्यला ना तो? समजलं मले. मागचे पाय झकास जमले. अन् मान?"

"मानेले काय झालं?"

"परवा खांदशेकणी होती. नऊ वर्सं झाले, कोण्या बैलाचे खांदे शेकू? तवा सूनबाई म्हनली, घरात एक बैल तर हाय. पोतं काढलं, हळद-लोणी लावलं अन् मानेवर अंगठा फिरवला. जुवाचा घट्टाच नाई! सहा वर्साचा बैल काढला तू, शिंगावरून दिसते. अन् मान लोण्यावानी? हा कवा जुपलाच नाई. फुकटखाऊ हाय साला. एखाद्या जुन्या कास्तकारानं पाह्यलं असतं, तर म्हनला असता, नत्थूच्या घरी असा बैल? म्हनून रंगात दाबला."

धनंजयला जे हवं होतं ते मिळालं होतं. एका माणसानं बैल उठताना पाहिला होता. आणि त्याच माणसाला त्याची लाज वाटून त्यानं तो झाकला होता. हजारावर फुल्या, आणि एवढ्या दिवसांत बारा पावलांवरच्या खाटेपर्यंत जाणं काही झालं नव्हतं.

"मंग आधी सांगाचं नाई?" तो कसाबसा म्हणाला.

"मले काय मालूम? रोज सकायी पोत्याखाली काहीतरी लपवते. मले वाटलं, दारू हाय."

आत मंजुषा फसकन हसली. धनंजयनं बैल हातात घेतला, नखानं मानेवरचा रंग खरवडला. मान त्यानं मोठ्या प्रेमानं बारीक केली होती. घट्ट्यासाठी तिथं लाकूडच उरलं नव्हतं, आणि काढलेलं लाकूड परत लावता येत नाही.

"आता?"

"आता काय? दुसरा ओंडका पाह्य."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला तो छपराखाली गेला नाही. पटाशी न घेता, पाट ओढून खाटेजवळ बसला. नत्थूजी जागेच होते.

"बाबा, घट्टा नेमका कुठं असते?"

"जुवाच्या उजव्या अंगाचा बैल का डाव्या?"

धनंजयनं आधी आपल्या उजव्या खांद्याला हात लावला, मग डाव्या.

"ते बी ठरवलं नाई," म्हातारा कुशीवर वळत म्हणाला, "अन् निघाला बैल कराले."