आधी तुमचा आकडा

आपल्या सर्वांच्या गुरुलिंग सरांची पंचाहत्तरी साजरी होताना मला मनापासून आनंद होतो आहे. मधे एक दिवस असा आला होता, की हा लेख लिहायला मिळेल की नाही याचीच धास्ती वाटली. सरांनी परवानगी दिली आहे, म्हणून तेही सांगणार आहे.

सरांची पहिली भेट सोलापुरातल्या त्यांच्या एमआरआय केंद्रातल्या अंधाऱ्या खोलीत झाली. मी नुकतीच रेडिओलॉजिस्ट झाले होते. पडद्यावर प्रोस्टेटचा स्कॅन होता. अशा स्कॅनमधल्या संशयास्पद जागेला आम्ही एक ते पाच असा आकडा देतो. एक म्हणजे कर्करोगाची शंका जवळजवळ नाही, पाच म्हणजे फार दाट. तीन आला, की सगळेच डोके खाजवतात. पडद्याच्या कोपऱ्यात रुग्णाचे नाव असते, तिथे सरांनी कागदाची पट्टी चिकटवली होती. “नोडी,” ते म्हणाले. कानडीत ‘बघा’. “आधी तुमचा आकडा.”

मी अदबीने म्हटले, “सर, तुम्ही द्याल तोच.”

सरांनी पडदा बंद केला. “मग चहा पिऊन या. येताना आकडा घेऊन या.”

मला राग आला होता, पण आकडा घेऊन परतले. “मी आधी बोललो, तर तुम्ही माझ्या तोंडाकडं बघणार, स्कॅनकडं न्हाई,” एवढेच ते म्हणाले. तेव्हापासून त्या खोलीत धाकट्याने आधी बोलायचे, हा रिवाज कधी मोडला नाही. आमचे पटले तर सर आपला आकडा बदलत, आणि त्याचा त्यांना कधी कमीपणा वाटला नाही.

उजनीकाठच्या एका केळी बागायतदारांची आठवण तर आम्ही अजून काढतो. त्यांचा आकडा पाच आला. “पाचपैकी पाच? मग पास झालो की,” म्हणत ते खुशीत उठले. आम्ही तोंडे लपवली. सर हसले नाहीत. त्यांना शेजारी बसवून म्हणाले, “मालक, ह्या परीक्षेत कमी मार्कवाला पास असतोय. शंका लई हाय. सुईनं तुकडा काढून तपासायला लागंल. पर वेळेत आलाय तुमी.” बागायतदार म्हणाले, “व्हय? मग कवा येऊ?” बाहेर रांग खोळंबली होती, तरी सर त्यांना हाताला धरून शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांकडे स्वतः घेऊन गेले. ते गृहस्थ आज ठणठणीत आहेत आणि बागेतून सरांना फोन करतात.

गेल्या वर्षी सर एक सीडी घेऊन आले. स्कॅन बाहेर कुठेतरी काढलेला होता. कोपऱ्यात नेहमीची पट्टी. “नोडी. आधी तुमचा आकडा.” मी चहाचा कप हातात धरूनच बघितले आणि म्हटले, “चार, सर. बायोप्सी लागेल.”

“माझाबी चारच,” असे म्हणून सरांनी पट्टी काढली. नाव त्यांचे होते.

मी ते नाव पुन्हा वाचले. सर म्हणाले, “पाचपैकी चार. फर्स्ट क्लास हाय की.” मग मात्र मला रडू आवरले नाही. माझ्या हातातला कप काढून घेत ते म्हणाले, “नाव दिसलं असतं, तर तुम्ही तीन म्हणाला असता.”

खरे आहे. मी तीनच म्हणाले असते, आणि थांबून बघू म्हटले असते.

उपचार पार पडले. आता कर्करोगाचा माग दाखवणारा रक्ताच्या तपासणीतला आकडा तळाला आहे, आणि सर पुन्हा त्याच खुर्चीवर बसून आम्हाला चहाला पिटाळत आहेत. सर, आयुष्यभर तुम्ही आम्हाला आधी बोलायला लावलेत, म्हणून आजही आधी मीच मागणे मागते. यापुढच्या प्रत्येक तपासणीत तुम्हाला कमीत कमी मार्क पडोत, फक्त वयाचा आकडा तेवढा शंभराच्या पुढे जावो.