वाकून चालणारी वहिनी

पोट आत घ्यायची शस्त्रक्रिया झाली की काही दिवस वाकूनच चालावं लागतं, नाहीतर टाके ओढतात. माझी वहिनी तशीच दवाखान्याच्या व्हरांड्यात चालत होती. जुळ्यांच्या बाळंतपणात तिच्या पोटाचे स्नायू फाकले होते, कंबर कायम दुखायची. हे ऑपरेशन वजन उतरवायला नसतं आणि पुढे मूल नको असेल तरच करावं, असं डॉक्टरांनी दिलेल्या कागदात लिहिलं होतं. घरातली पहिली पदवीधर मी, म्हणून तो कागद सगळ्यांना मीच वाचून दाखवला होता.

बाकावरच्या एका अनोळखी आजींना वाटलं, ही पाया पडतेय. त्यांनी लगेच डोक्यावर हात ठेवला. "पुत्रवती हो!"

"अहो आजी, नको!" वहिनी पोट धरून हसली. "दोन आहेत, पुरे झाले. सरळ उभं राहता यावं म्हणून तर पोट शिवून घेतलंय."

बाई वाकलेली दिसली की ती नमस्कारच करतेय, असं आपण धरून चालतो. तिचं काही दुखत असेल, हे सुचत नाही. मलाही कुठे सुचलं होतं? दोन वर्षं तिच्या कंबरदुखीला मी आळसच म्हणत होते.

आजींनी हात मागे घेतला, जरा विचार केला आणि पुन्हा ठेवला.

"बरं बाई, मग लवकर ताठ हो."