लाल दोऱ्याची पुस्तकं

काल सुनेनं गव्हाची कोठी उघडली आणि वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचा वास आला. झालं, मी पोचले सारंगखेड्याच्या आमच्या वाचनालयात! शाळेच्या खोलीत दोन कपाटं, आणि कसर लागू नये म्हणून पुस्तकांत हाच पाला.

माझी शाळा दुसरीतच सुटली होती. गुरुजींनी मला पुस्तकं पुसायला ठेवलं, आणि पुसता पुसता मी वाचायला शिकले. दुपारी बायांना वाचूनही दाखवायचे. एकदा गुरुजी गावाला गेले, तेव्हा त्यांनी नंबरवार लावलेली सगळी पुस्तकं मी माझ्या मनानं नव्यानं लावली. रडवणाऱ्यांना काळा दोरा बांधला, हसवणाऱ्यांना लाल. बाया तशीच मागायच्या ना!

गुरुजी परतले आणि कपाटापुढं थिजलेच. "उद्यापासून येऊ नकोस." माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

तेवढ्यात गंगूकाकू दारात. "गुरुजी, मागलं पुस्तक ऐकीसन आम्ही सम्द्या रडन्यात. आते हासू येई असं द्या!"

गुरुजींनी नोंदवही चाळली. तीत नंबर होते, नावं होती, पण हसू कशात आहे ते कुठंच नव्हतं. मी हळूच लाल दोऱ्याचं पुस्तक काकूच्या हातात ठेवलं.

 मग गुरुजींनी वहीत नवा रकाना आखून त्यावर लिहिलं, 'वाचून काय होतं', आणि टाक माझ्याकडं सरकवला. "नंबर परत लाव. हा रकाना तू भर."

पहिलंच पुस्तक गुरुजींचं लाडकं, व्याकरणाचं. मी खरं तेच लिहिलं, 'झोप येते.'

गुरुजी टोपी पडेस्तोवर हसले. तेव्हा वाटलं, सुटले बाई! आता वाटतं, त्यांनाही झोप येत असणार.