न घासता बसलेली खिळी

व्हर्लिन स्टॉडर्डला दोन गोष्टींचा भयंकर तिटकारा होता. एक, विकतची कॉफी आणि दुसरी, पिस्तुलाचे आणल्याबरोबर बसणारे सुटे भाग. कॉफीबद्दल तो एक वेळ ऐकून घेई. पण "अमक्या कंपनीची स्लाइड आणली आणि खटकन बसली बघ," असं कुणी म्हटलं की त्याचा पारा चढलाच म्हणून समजा. "आपोआप बसली? आपोआप काही बसत नसतं, बाबा. पोलादावर पोलाद बसवावं लागतं. घासून, पुसून, परत घासून."

तरुणपणापासून त्याने केटल क्रीकच्या लाकूड गिरणीत करवतींना धार लावली. गिरणी बंद पडली, निम्मं गाव बॉइसी शहरात निघून गेलं, हा राहिला. हात मात्र स्वस्थ बसेनात. मग गॅरेजमध्ये व्हाइस, म्हणजे लोखंड पकडून धरायचा शिकंजा, ठोकला, कानशी ओळीने टांगल्या आणि हा गृहस्थ पिस्तुलं जुळवायला लागला. कुणाला मारायचं नव्हतं की कुणाची भीती नव्हती. आमच्या या डोंगरात कुणी मासे धरायच्या गळाला पिसं बांधत बसतो, कुणी खोगिरं शिवतो, तसंच हे. एक पिस्तूल पुरं करायला त्याला दोन हिवाळे लागायचे आणि त्याचा त्याला अभिमान होता.

त्याच्या गॅरेजमध्ये शनिवारी सकाळी बैठक भरायची. पाच म्हातारे, एक लाकडाची शेगडी आणि मतं मात्र पन्नास. सगळ्यांत मोठं भांडण व्हर्लिनचं आणि वेन्डेल प्रुइटचं. वेन्डेलने आयुष्यभर टपाल वाटलं होतं आणि त्याला कशातच वेळ घालवायला आवडत नसे.

"मी दुपारी जुळवतो, संध्याकाळी डब्यांवर गोळ्या झाडतो आणि जेवून झोपतो," वेन्डेल म्हणायचा. "तुझं पिस्तूल पुरं होईपर्यंत माणूस मरायचा, व्हर्लिन."

"आणि तुझं हलवलं की खुळखुळ्यासारखं वाजतं. एखादं लहान पोर रडत असेल तर नेऊन दे त्याला."

तीस वर्षं हेच. रॉइस, डच आणि एमेट मधे बसून कॉफी प्यायचे आणि जो हरायला लागेल त्याची बाजू घ्यायचे.

या बैठकीची एक रीत होती. कुणी गेला की मातीनंतरच्या शनिवारी घरचं माणूस त्याचा सुट्या भागांचा डबा आणून टेबलावर ठेवी. प्रत्येकाने त्यातला एकच भाग उचलायचा. तो विकायचा नाही, खणात टाकायचा नाही, कुठल्या तरी पिस्तुलात घालायचा. त्या दिवशी व्हर्लिनची बायको आर्डिस मयताचे बटाटे करी. चीज आणि आंबट मलई घालून भट्टीत भाजलेले, वर कॉर्नफ्लेक्सचा कुरकुरीत थर. आमच्याकडे मयत झालं की हे बटाटे होतातच, म्हणून नावच तसं पडलं. एरवी आर्डिस ते करायला साफ नकार द्यायची. म्हणायची, भलत्या वेळी केले तर घरात कुणाला तरी बोलावल्यासारखं होतं.

पहिला रॉइस गेला. व्हर्लिनने त्याच्या डब्यातून पिस्तुलाचा खालचा सांगाडा उचलला. पुढच्या थंडीत डच गेला, त्याची वरची, मागेपुढे सरकणारी स्लाइड व्हर्लिनकडे आली. लष्कराच्या मोडीतली, कधीकाळची, रॉइसच्या सांगाड्याशी तिचा काडीचा संबंध नव्हता. किती घासावं लागेल याचा अंदाज घ्यायला म्हणून त्याने ती सांगाड्यावर टेकवली. ती सरळ आत सरकली. आवाज नाही, अडणं नाही. खिडकीपाशी उजेडात धरून पाहिलं, तर दोन्हींच्या मधे केसाइतकीही फट दिसेना.

आधी त्याला रागच आला. आयुष्यभर जे सांगत आलो त्यावर कुणी थुंकावं तसं झालं. मग एमेट गेला आणि त्याची नळी तशीच, बोटाने ढकलल्यावर, जाऊन बसली. तेव्हा मात्र व्हर्लिनच्या अंगावर काटा आला. तीन घरांतून आलेले तीन भाग, तीन वेगळ्या कारखान्यांचे, आणि जणू तिघांनी आतल्या आत आधीच ठरवून ठेवलं होतं.

आणखी एक गोष्ट होती. शेगडी पेटली की गॅरेजमधलं सगळं लोखंड कोमट व्हायचं. कानशी, हातोडी, अगदी व्हाइससुद्धा. ते पिस्तूल तेवढं गार राहायचं. त्याने ते फडक्यात गुंडाळून शेगडीशेजारी ठेवून पाहिलं. फडकं गरम झालं, पिस्तूल नाही.

आता एकच वस्तू हवी होती. स्लाइड आणि सांगाडा एकत्र धरून ठेवणारी आडवी खिळी, करंगळीएवढी. दुकानातली आणली तर ती शिरेना. घासली तर एकदम सैल होऊन गळून पडली. दुसरी आणली, तिचंही तेच. व्हर्लिनसारख्याच्या हातून खिळी बिघडावी, हे त्यालाच खरं वाटेना. हळूहळू त्याच्या मनात एक विचार येऊन बसला आणि हलेना. या पिस्तुलाला मेलेल्या माणसाचाच भाग लागतो. जिवंत माणसाचा ते घेत नाही.

हे तो कुणाला सांगणार? उरला होता एकटा वेन्डेल. आणि त्याचं बॉइसीत हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं.

जाण्याआधीच्या शनिवारी वेन्डेल आला तो धापा टाकत, ओठ निळसर. खुर्चीत धपकन बसला. "काय रे, अजून घासतोयस? काय अडलंय?"

"खिळी बसत नाही."

"बसत नाही!" वेन्डेलला इतका आनंद झाला की खोकला आला. "च्यायला, हे ऐकायला मी तीस वर्षं थांबलोय." त्याने कमरेचं स्वतःचं पिस्तूल काढलं, रिकामं केलं, दोनदा पाहिलं, सोडवलं आणि खिळी टेबलावर टाकली. "ही घालून बघ. कॅटलॉगमधून मागवलेली. कानस म्हणजे काय हे तिला माहीतसुद्धा नाही."

"नको, वेन्डेल."

"का? तुझी अब्रू जाईल?"

"नको म्हणतोय ना!" व्हर्लिन ओरडला. पण या लोकांचं एक आहे. समोर भाग पडला आणि शेजारी भोक दिसलं की हात थांबत नाही. वेन्डेलने पुढे वाकून स्वतःच ती लावली आणि अंगठ्याने दाबली.

ती जाऊन बसली.

"बघ!" वेन्डेल टेबलावर थापा मारत हसला. "खटकन! न घासता! आता बोल!"

व्हर्लिन टेबलापासून मागे सरकला. समोर त्याचा उभ्या जन्माचा वैरी लाल होऊन हसत होता आणि त्याच्याशिवाय आपल्याला या गावात कुणीही नाही, हे व्हर्लिनला त्या क्षणी स्वच्छ कळलं.

"काढून ने ती," तो कसाबसा म्हणाला.

"राहू दे. परत आलो की नेईन. तोवर तोंड बघत बस तिचं."

तो गेल्यावर व्हर्लिनने खिळी उपसून काढली आणि खिडकीत ठेवली. जेवला नाही. आर्डिसने विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगून टाकलं. ती चिडलीच. "अरे देवा, म्हातारा झालास आणि भुताखेतांच्या गोष्टी! ते लोखंड आहे, व्हर्लिन."

"मग हात लाव त्याला."

तिने लावला आणि पटकन काढून घेतला. ॲप्रनला हात पुसत ती स्वयंपाकघरात गेली. त्यानंतर ती गॅरेजच्या उंबऱ्याच्या आत यायची बंद झाली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी व्हर्लिन गॅरेजमध्ये आला. त्याने स्वतःचं पहिलं पिस्तूल भिंतीवरून उतरवलं. गिरणी सुटल्यावर दोन हिवाळे खपून जुळवलेलं, त्याच्या हातचं सगळ्यात सुबक काम. त्याची खिळी काढली आणि त्या गार पिस्तुलाला लावून पाहिली. ती शिरली नाही. टोकसुद्धा आत जाईना.

त्याला हायसं वाटलं. मी नाही, माझी वेळ आलेली नाही. आणि लगेच त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की तो स्टुलावर बसून राहिला. तिकडे वेन्डेलची छाती उघडून ठेवली असेल आणि इकडे आपण सुटलो म्हणून आनंद मानतोय.

मग त्याच्या मनात आलं, बसत नाही म्हणजे काय? बसत नसेल तर बसवायची. आयुष्यभर दुसरं काय सांगत आलो?

त्याने खिळी व्हाइसमध्ये धरली आणि बारीक कानस घेतली. घासायचं, पुसायचं, लावून पाहायचं, परत घासायचं. आपल्याच पहिल्या कामावर कानस चालवताना डोळ्यांत पाणी येत होतं, पण तो थांबला नाही. खिळी आत जायला तयार नव्हती. जरा शिरायची आणि कुणीतरी पलीकडून बोट लावून धरल्यासारखी अडायची.

"घे की," तो त्या पिस्तुलाला म्हणाला. "रॉइस, डच, ऐकताय का? त्याला काय घेताय? तो तुम्हाला एक दिवस धड बसू देणार नाही. मला घ्या."

आर्डिस दारात उभी होती. तिने ते ऐकलं. "व्हर्लिन," ती म्हणाली, "ठेव ती कानस. ठेव, मी सांगते." त्याने ठेवली नाही.

फोन वाजला तेव्हा खिळी निम्मीसुद्धा आत गेली नव्हती. आर्डिसने धावत जाऊन उचलला. वेन्डेलची मुलगी जोलीन होती. बाबा शुद्धीवर आले म्हणाली, आणि त्यांनी पहिलं विचारलं ते व्हर्लिनची खिळी बसली का, हेच. आर्डिस रडत रडत हसत सुटली. व्हर्लिनने ती अर्धवट खिळी पकडीने ओढून बाहेर काढली, वेन्डेलच्या खिळीशेजारी ठेवली आणि पिस्तुलावर फडकं टाकलं. त्यानंतर त्याने त्याला हात लावला नाही.

बर्फ वितळलं तेव्हा वेन्डेल आला. वाळला होता, पण गालांवर रंग होता आणि चढावरून चालत आला तरी धाप लागली नव्हती. खुर्चीत बसायच्या आधी त्याने फडकं उचललं.

"कुठंय माझी लाडकी?" त्याने स्वतःची खिळी घेतली, लावली, दाबली. मग जोर लावून दाबली. "हे काय? काय करून ठेवलंस रे? तेव्हा तर लोण्यात गेल्यासारखी गेली होती!"

"नाही जात?"

"अजिबात नाही!"

व्हर्लिन इतका मोठ्याने हसला की आर्डिस अंगणातून धावत आली. त्याने वेन्डेलचे खांदे गदागदा हलवले. तीस वर्षांत त्याने कधी वेन्डेलशी हातही मिळवला नव्हता.

"आणि ही कुणाची?" वेन्डेलने दुसरी खिळी उचलली.

"माझी. ती अजून व्हायचीय. अर्धीसुद्धा जात नाही, खूप घासायची राहिलीय."

वेन्डेलने ती भोकाला लावली आणि अंगठा टेकवला. ती अलगद शेवटपर्यंत गेली आणि बसली. आवाजही झाला नाही.

"च्यायला," वेन्डेल म्हणाला. "हे काम! उगाच चिडवत होतो तुला. मानलं, व्हर्लिन. घासलेलं ते घासलेलंच."

ते ऐकण्यासाठी व्हर्लिनने एके काळी काय वाट्टेल ते दिलं असतं. त्याने पिस्तूल हातात घेतलं आणि थोडा वेळ तसंच धरलं. ते त्याला गार लागेना. मग त्याने दुसरा हात वेन्डेलच्या मनगटावर ठेवला, आणि वेन्डेलने "किती गार हात रे तुझा!" म्हणत तो झटकला.

"आर्डिस," व्हर्लिन म्हणाला, "आज ते बटाटे कर."

"कुठले? मयताचे?" ती दारातच थबकली. "कोण गेलं?"

"कुणी नाही. वेन्डेल परत आला. मला खावेसे वाटतात, बस्स."

ती त्याच्याकडे बघत राहिली, मग व्हाइसशेजारच्या त्या पुऱ्या झालेल्या पिस्तुलाकडे. आत गेली आणि तिने बटाटे किसायला घेतले. किसणीवर तिचा हात मधेच थांबायचा आणि परत चालू व्हायचा, ते गॅरेजपर्यंत ऐकू येत होतं.

जेवताना व्हर्लिन म्हणाला, "वेन्डेल, माझा डबा उघडाल तेव्हा तू भाग घेऊ नकोस. कानशी घे. सगळ्या घे."

"मी काय करू कानशींचं?"

"शिक."

वेन्डेल हसायला गेला आणि आर्डिसचा चेहरा बघून थांबला. त्याने काटा ताटात ठेवला. व्हर्लिनने मात्र वरचा कुरकुरीत थर बघून बटाटे पुन्हा वाढून घेतले.