अर्धी साक्ष

"एपिलेप्सी," वर्ध्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे आपली मिरगी. मेंदूतली वीज मधेच भडकते आणि माणूस आपटतो. मी पुलगावला, चर्चमधल्या नाताळच्या नाटकाच्या तालमीत आपटलो होतो. माझा हेरोद राजा मरताना नेहमीच फार तडफडतो, त्यामुळे मंडळींनी आधी टाळ्या वाजवल्या.

मग ईईजी झाला. त्यात डोक्याला तारा चिकटवून मेंदूतल्या विजेचा आलेख काढतात. घाबरू नका, दुखत नाही.

"प्रार्थना चालू ठेवा, गोळीही चालू ठेवा," बाई म्हणाल्या. "दोघींचं भांडण नाही. आपल्या मनानं मात्र गोळी बंद करायची नाही."

सुरुवातीला गोळीने नुसती झोप यायची. मग झटके थांबले आणि आमच्या चर्चचे पाळकसाहेब घरी आले.

"रविवारी साक्ष द्या." बरा झालेला माणूस चर्चमध्ये उभा राहून देवाने काय केलं ते सांगतो, ती साक्ष. मी खूश. मंच मिळाला की मी दोन मिनिटांचे वीस करतो.

"पण गोळी सोडा. गोळी चालू असली तर साक्ष अर्धी राह्यते ना, भाऊ. सुनंदाबाईच्या पोरीले, एस्तेरले, मिरगीच होती; तिनं मागच्या साली गोळी सोडून कशी पुरी देल्ली."

"साहेब, मग तुम्ही चष्मा काऊन घालता?"

"चष्म्याची गोष्ट अलग आहे."

ते गेल्यावर माझी बायको मार्था हळूच म्हणाली, "एस्तेरचा हात भाजला ना, ते तेल नाई उडालं. मिरगी आलती, गॅसवर पडली. साक्ष खोटी पडन म्हणून मायलेकी सांगत नाई."

माझं डोकं फिरलं. पोरीचा हात जळाला तरी साक्ष शाबूत राहिली पाहिजे, हा कुठला विश्वास?

रविवारी उभा राहिलो तेव्हा रागाने माझे हात थरथरत होते. पुढच्या बाकावरचे लोक झटका समजून मागे सरकले. मी देवाचे आभार मानले, अगदी मनापासून. मग डॉक्टरीणबाईंचे. मग खिशातून गोळी काढून सगळ्यांसमोर पाण्यासोबत गिळली. पाळकसाहेबांनी घाईने गीत सुरू केलं. मी त्याच्या वरच्या पट्टीत ओरडलो, "ज्यानं गोळी सोडली असन त्यानं उद्या माह्यासंग वर्ध्याले चलावं."

बाहेर सुनंदाबाई थांबल्या होत्या. "भाऊ, किती वाजताची गाडी हाय?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी एस्तेरला विचारलं, "गोळी कधीपासून बंद?" पोरीने आईकडे पाहिलं. तिची आई म्हणाली, "साक्ष देल्ली तवापासून."

बाईंनी एक शब्दही न सुनावता गोळ्या लिहिल्या. माझ्या बरं होण्याहून त्या माऊलीच्या उत्तरासाठी मी देवाचे जास्त आभार मानतो. पाळकसाहेबांवरचा राग अजून गेलेला नाही. त्यासाठी मी प्रार्थनाही करत नाही.